जुना कोड न मोडता: जावा कशी टिकली, आणि 8 वरून पुढे जाताना काय मोडतं

जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा बाजारात आली 1995 साली, सन मायक्रोसिस्टिम्समधून. त्यानंतर सी-शार्प आली, स्काला आली, 2009 मध्ये गूगलने गो जाहीर केली, 2015 मध्ये रस्टची 1.0 आवृत्ती निघाली आणि 2016 मध्ये कॉटलिनची. दर वेळी कोणीतरी जावाचं तेरावं घातलं, आणि ऐरोली-महापे-घणसोलीच्या नोकरीच्या जाहिरातींत जावा दिसतच राहिली. काही मैदानं ती खरंच हरली. ब्राउझरमधलं ॲपलेट संपलं. अँड्रॉइडवर 2019 पासून गूगल कॉटलिनला पुढे करतं. सर्व्हरवर मात्र तिला कोणी हलवू शकलेलं नाही.

याचं कारण एका हट्टात आहे: काल कंपाइल केलेला (म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदललेला) कोड आज चालला पाहिजे. हा हट्ट फुकट पडत नाही. त्याची किंमत कुठे भरली जाते हे कळलं की जावातल्या अर्ध्या विचित्र गोष्टींचा उलगडा होतो. आणि हा हट्ट जिथे सुटला त्या जागा माहीत असतील, तर जावा 8 वर अडकलेलं सॉफ्टवेअर पुढे कसं न्यायचं तेही कळतं.

मेगाब्लॉक न घेता

पायथॉनने 2008 च्या डिसेंबरात 3.0 काढली आणि जुन्या 2 शी फारकत घेतली. मजकूर आणि बाइट यांचा घोळ निस्तरायचा होता, हेतू चांगलाच होता. पण पायथॉन 2 ला अधिकृत निरोप मिळाला तो 1 जानेवारी 2020 ला. मध्ये अकरा वर्षं लायब्ररीवाल्यांनी दोन्ही आवृत्त्या सांभाळल्या. पायथॉन त्यातून वाचली, पर्ल नाही. पर्ल 6 ची घोषणा 2000 मध्ये झाली, ती वापरण्याजोगी आली 2015 मध्ये आणि 2019 मध्ये तिचं नावच बदलून राकू झालं. तोवर लोक निघून गेले होते.

जावाने मेगाब्लॉक घेतला नाही, चालत्या लोकलखालचे रूळ बदलत राहिली. त्याचा पहिला मोठा हिशेब 2004 साली झाला, जावा 5 मध्ये जेनेरिक्स आणताना. 'ही यादी फक्त स्ट्रिंगची' असं लिहिण्याची सोय द्यायची होती, पण आधीच्या कंपाइल झालेल्या लाखो क्लास फाइल्स साध्या यादीवर उभ्या होत्या. तेव्हा तोडगा निघाला तो असा की टाइपची तपासणी कंपाइलर करेल आणि नंतर ती माहिती पुसून टाकेल. चालताना जेव्हीएमला, म्हणजे कंपाइल झालेला कोड चालवणाऱ्या यंत्रणेला, फक्त 'यादी' दिसते. सी-शार्पने पुढच्याच वर्षी उलटा मार्ग धरला: रनटाइम बदलला आणि जुन्या कलेक्शनशेजारी नवी वेगळी कलेक्शन दिली. ते जास्त नेटकं होतं, यात वाद नाही.

जावाला पुसापुशीची किंमत अजून पडते आहे. यादीत थेट 'इंट' ठेवता येत नाही, 'इंटिजर' ऑब्जेक्टच लागतो. नेहमीच्या 64 बिट जेव्हीएमवर एक इंटिजर 16 बाइट आणि त्याचा पत्ता 4 बाइट, म्हणजे 4 बाइटच्या आकड्यासाठी 20 बाइट. दहा लाख आकड्यांना 40 लाख बाइट पुरले असते, तिथे जातात सुमारे दोन कोटी. हे सुधारण्यासाठी 2014 मध्ये वल्हाला नावाचा प्रकल्प सुरू झाला आणि तो अजून चालूच आहे. तोवर आकड्यांची मोठी रास असेल तर साधा 'इंट' ॲरे वापरा. यादीचा मोह नको.

दुसरा प्रसंग 2014 चा, जावा 8 चा. लॅम्डा (फंक्शनच दुसऱ्या मेथडच्या हाती देण्याची सोय) आणायचं तर यादीवर 'फॉर-ईच', 'स्ट्रीम', 'सॉर्ट' अशा नव्या मेथड्स हव्यात. पण यादी हा इंटरफेस आहे, म्हणजे कुठल्या मेथड्स हव्यात याचा करार, आणि जगभरात लोकांनी स्वतःचे क्लास लिहून तो पाळलेला आहे. इंटरफेसमध्ये नवी मेथड नुसती जोडली तर त्या लोकांचा सोर्स पुन्हा कंपाइल होणार नाही. जुनी क्लास फाइल लोड होईल, पण नवी मेथड हाक मारताच 'ॲबस्ट्रॅक्ट मेथड एरर' देऊन कोसळेल. म्हणून 'डिफॉल्ट मेथड' जन्माला आली: इंटरफेसनेच मेथडचं अंग पुरवायचं, ज्याला हवं त्याने ती बदलावी, ज्याला माहीतच नाही त्याचंही चालावं. लॅम्डाची चर्चा खूप झाली, पण आमच्या मते त्या आवृत्तीतलं खरं कसब या डिफॉल्ट मेथडमध्ये आहे. 2001 साली लिहिलेल्या क्लासला 2014 मध्ये 'स्ट्रीम' मिळाली, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

शब्दांच्या बाबतीतही जावा ठेच लागून शिकली. जावा 5 मध्ये 'ईनम' हा राखीव शब्द झाला, आणि त्या काळी 'एन्युमरेशन' प्रकारच्या व्हेरिएबलला हेच नाव देण्याची सर्रास पद्धत होती. तो सगळा सोर्स हाताने बदलावा लागला. त्यामुळे पुढे 'व्हार', 'रेकॉर्ड', 'सील्ड' हे शब्द जागा बघून अर्थ घेणारे केले. तुमच्या कोडमध्ये 'रेकॉर्ड' नावाचं व्हेरिएबल असेल तर ते आजही निमूट चालतं.

2017 मध्ये जावा 9 आल्यावर आणखी एक बदल झाला: दर मार्च आणि सप्टेंबरमध्ये नवी आवृत्ती. जावा 6 नंतर 7 यायला साडेचार वर्षं लागली होती, त्या मानाने हा वेग फार. दीर्घ मुदतीचा आधार मिळणाऱ्या आवृत्त्या म्हणजे 8, 11, 17, 21 आणि सप्टेंबर 2025 ची 25. भाषेतली मोठी नवी सोय आता बहुधा आधी 'प्रिव्ह्यू' म्हणून येते. ती वापरायला वेगळा स्विच लागतो, आणि तसा कंपाइल केलेला कोड फक्त त्याच आवृत्तीच्या जेडीकेवर (जावाच्या साधनांच्या संचावर) चालतो. हे जाचक वाटतं, पण ते मुद्दाम आहे. स्ट्रिंग टेम्प्लेट्स 21 आणि 22 मध्ये प्रिव्ह्यू म्हणून आली, रचना पटली नाही म्हणून 23 मध्ये काढून टाकली, आणि कुणाचंही प्रॉडक्शन पडलं नाही. जुन्या भाषेला चूक करून माघार घेण्याची सोय लागते. जावाला ती मिळाली इतक्या उशिरा.

मागून येऊन: व्हर्च्युअल थ्रेड

प्रतिस्पर्ध्याची गोष्ट उशिरा पण स्वतःच्या अंगाला बेतून घेणं कसं असतं, ते इथे नीट दिसतं. गो भाषेची मोठी ओढ म्हणजे गोरूटीन, अगदी स्वस्तातले थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे). जावाचा थ्रेड म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा थ्रेड. लिनक्सवर प्रत्येकाच्या स्टॅकसाठी साधारण 1 एमबी जागा राखून ठेवली जाते. म्हणून टॉमकॅट हा जावाचा वेब सर्व्हर मुळात 200 थ्रेडवर थांबतो. आता गणित करा. प्रत्येक रिक्वेस्ट बाहेरच्या पेमेंट गेटवेसाठी 2 सेकंद थांबत असेल, तर 200 भागिले 2, म्हणजे सेकंदाला 100 रिक्वेस्ट. सीपीयू निवांत बसलेला, आणि तरी रांग.

इतर भाषांनी यावर 'असिंक-अवेट' काढलं. त्यात कोडची दोन गटांत फाळणी होते: थांबणारी फंक्शन्स वेगळी आणि न थांबणारी वेगळी, एकातून दुसऱ्यात जायचं तर साखळीतलं प्रत्येक फंक्शन बदला. जावाला हे परवडणारं नव्हतं, कारण तिचा सगळा ऐवज म्हणजे थांबणारा जुना कोड. म्हणून 2023 च्या जावा 21 मध्ये थ्रेडचा क्लास तोच ठेवला आणि आतली अंमलबजावणी बदलली. व्हर्च्युअल थ्रेडचा स्टॅक हीपमध्ये, म्हणजे जेव्हीएमच्या सामायिक मेमरीत, राहतो. तो नेटवर्कसाठी थांबला की जेव्हीएम त्याला खऱ्या थ्रेडवरून उतरवते आणि दुसऱ्याला चढवते. खरे थ्रेड असतात सीपीयूच्या कोअरइतके. स्प्रिंग बूट या जावा ॲप उभारण्याच्या चौकटीत 3.2 पासून ही सोय एका सेटिंगने चालू होते.

आणि इथेच लोक फसतात. थ्रेडची मर्यादा गेली म्हणजे रांग संपली असं नाही, रांग सरकून डेटाबेसच्या दारात जाते. हिकारी हा कनेक्शन पूल मुळात 10 कनेक्शन देतो. एक व्यवहार कनेक्शन 50 मिलिसेकंद धरत असेल तर सेकंदाला 200 व्यवहार होतील. पण कनेक्शन हातात धरून गेटवेची 2 सेकंद वाट पाहिलीत तर सेकंदाला फक्त 5. आधी हा दोष टॉमकॅटच्या 200 च्या कुंपणामागे झाकलेला असायचा. आता हजारो थ्रेड एकदम पूलवर तुटून पडतात आणि 30 सेकंदांनी घाऊक टाइमआउट मिळतो. उपाय असा: गेटवेला हाक मारण्याआधी ट्रान्झॅक्शन बंद करा, आणि बाहेरच्या सेवेवर एका वेळी किती जण जातील ते सेमाफोरने बांधून घ्या. व्हर्च्युअल थ्रेडचा पूल करू नका. ते कामापुरते निर्माण करून टाकून द्यायचे असतात.

दुसरा सापळा 'सिंक्रोनाइज्ड'चा. जावा 21 मध्ये अशा ब्लॉकच्या आत थ्रेड नेटवर्कसाठी थांबला तर तो खऱ्या थ्रेडवरून उतरू शकत नाही, खिळून बसतो. चार कोअरच्या मशीनवर असे चार खिळले की बाकी सगळे ताटकळतात. बाहेरून पाहिलं तर सीपीयू शून्यावर, एरर एकही नाही, आणि ॲप गप्प. जुन्या डेटाबेस ड्रायव्हरमध्ये असे ब्लॉक सापडतात. जावा फ्लाइट रेकॉर्डरमध्ये 'व्हर्च्युअल थ्रेड पिन्ड' ही नोंद शोधा. स्वतःच्या कोडमध्ये 'रीएन्ट्रंट लॉक' वापरून यातून सुटका होते. जावा 24 मध्ये हा दोष मुळातून काढला. त्यामुळे व्हर्च्युअल थ्रेड हेच अपग्रेडचं कारण असेल तर 21 वर मुक्काम न करता 25 गाठा.

हिशेब, एनक्रिप्शन, पीडीएफ बनवणं अशा सीपीयू खाणाऱ्या कामांना व्हर्च्युअल थ्रेडचा काडीचा उपयोग नाही.

8 वरून पुढे: वागळे इस्टेटचं एक उदाहरण

समजा, वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीचं पतपेढ्यांसाठीचं सॉफ्टवेअर आहे. सभासदांची नावं मराठीत, आवर्त ठेवीच्या पावत्या, पिग्मी एजंटांची रोजची वसुली, महिनाअखेरीचं व्याज. जावा 8, स्प्रिंग बूट 2, विंडोज सर्व्हर. कोड दहा वर्षांचा, लिहिणारे निम्मे लोक सोडून गेलेले.

पहिलं काम कोडचं नाहीच. एका दिवसाच्या सगळ्या पावत्या, पिग्मीची यादी, व्याजाचा तक्ता आणि बँकेला जाणारी फाइल जुन्या सिस्टिममधून काढून बाजूला ठेवा. प्रत्येक टप्प्यावर नवं आउटपुट याच्याशी बाइट-बाइट ताडायचं आहे. त्याच वेळी सर्व्हरवर कुठला जेडीके आहे तेही बघा. ओरॅकलच्या जावा 8 च्या एप्रिल 2019 पासूनच्या अपडेट्सना व्यावसायिक वापरासाठी सशुल्क परवाना लागतो. टेमुरिन, कोरेटो, झुलू हे ओपन-जेडीकेवरचेच (जावाच्या खुल्या सोर्सवरचे) बिल्ड आहेत आणि बहुतेकांचं त्यांच्यावर भागतं.

नंतर जेडीके तोच ठेवून लायब्ररी वर न्या. स्प्रिंग बूट 2.7.18 जावा 8 पासून 21 पर्यंत चालतं, त्यामुळे मधला टप्पा म्हणून तेच सोयीचं. लोम्बॉक (ठरावीक कोड आपोआप घालून देणारी लायब्ररी) 1.18.30 च्या खाली असेल तर 21 वर कंपाइल होणार नाही. लायब्ररी जुनी राहिली की 'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन 65' असा संदेश येतो. 52 म्हणजे जावा 8, 55 म्हणजे 11, 61 म्हणजे 17, 65 म्हणजे 21. हा आकडा पाहून कोण कुणाच्या मागे राहिलंय ते लगेच कळतं.

आता तोच जुना जार (कंपाइल केलेल्या कोडचं गाठोडं) नव्या जेडीकेवर चालवा, पुन्हा कंपाइल न करता. चालवणं आणि कंपाइल करणं या दोन उड्या एकदम मारू नका. बहुधा जेव्हीएम उठणारच नाही, कारण सुरू करायच्या बॅच फाइलमध्ये कोणीतरी कधीकाळी चिकटवलेले स्विच असतात. 'मॅक्स पर्म साइज', 'यूज कॉन्क मार्क स्वीप जीसी', 'प्रिंट जीसी डेट स्टॅम्प्स': हे 17 वर ओळखलेच जात नाहीत. सगळे काढा. हीपचा आकार तेवढा ठेवा आणि न लागणाऱ्या मेमरीचा कचरा गोळा करायचं काम मुळातल्या जी-1 या कलेक्टरवर सोडा.

ॲप उठलं की 'जॅक्सबी'चा क्लास सापडत नाही म्हणून पडेल. एक्सएमएल वाचणारा हा भाग 2018 मध्ये जावा 11 मधून काढला; तो आता वेगळी लायब्ररी म्हणून घ्यावा लागतो. इथे आवृत्ती जपून निवडा. 2.3 मालिकेत पॅकेजचं नाव जुनंच 'जावाएक्स' आहे, 3.0 पासून ते 'जकार्ता' झालं. या टप्प्याला 2.3 हवी. त्यानंतर 'इनॲक्सेसिबल ऑब्जेक्ट एक्सेप्शन' येईल. एखादी लायब्ररी जेडीकेच्या पोटात हात घालत असते, 9 ते 15 पर्यंत त्यावर फक्त ताकीद मिळायची, 16 पासून दार बंद झालं. 'ॲड ओपन्स' हा स्विच ते पॅकेज तात्पुरतं उघडतो. पण तो का घातला ते त्याच ओळीशेजारी लिहून ठेवा, नाहीतर पाच वर्षांनी तोही 'मॅक्स पर्म साइज'च्या पंगतीत बसेल. हे आधीच शोधायचं असेल तर जेडीकेबरोबर येणारं 'जेडेप्स' हे साधन जारवर चालवा; पोटात हात घालणाऱ्या बऱ्याच जागा ते दाखवतं, रिफ्लेक्शनने (कोड चालताना नावावरून क्लास-मेथड शोधून) घातलेले हात मात्र त्याला दिसत नाहीत.

मराठी मजकुराचं काय होतं

इंग्रजीतल्या अपग्रेडच्या याद्यांमध्ये हा भाग तीन ओळींत उरकलेला असतो, आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

जावा 18 पासून फाइल वाचण्या-लिहिण्याचं मुळातलं एनकोडिंग सगळीकडे यूटीएफ-8 झालं. त्याआधी विंडोजवर ते मशीनच्या सेटिंगप्रमाणे असायचं, बहुधा विंडोज-1252. त्यामुळे एनकोडिंग न सांगता लिहिलेल्या फाइलमध्ये मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं यायची. 18 वर ती नावं आपोआप नीट येतात आणि सगळे खूश होतात. पण पतपेढीकडे श्री-लिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या जुन्या फाइल्स असतील तर थांबा. त्या फाइल्समधली बरीच अक्षरं म्हणजे 127 च्या वरचे सुटे बाइट असतात, आणि ते यूटीएफ-8 म्हणून वाचले तर अवैध ठरतात. जावा तक्रार करत नाही. अशा प्रत्येक जागी एक बदली चिन्ह ठेवते. तीच फाइल परत सेव्ह झाली की मूळ नाव कायमचं गेलं, बॅकअपशिवाय परत मिळत नाही. म्हणून फाइल वाचणारी प्रत्येक जागा शोधा आणि एनकोडिंग स्पष्ट लिहा: जुन्या फाइलला विंडोज-1252, नवीला यूटीएफ-8. तोवर फाइल एनकोडिंगला 'कम्पॅट' ही किंमत देऊन जुनं वागणं टिकवता येतं.

कन्सोलवर छापलेला मजकूर या बदलात येत नाही, त्याचं एनकोडिंग वेगळं ठरतं. लॉगमध्ये मराठी अजून बिघडलेलं दिसलं तर डेटा बिघडला असं समजून घाबरू नका, आधी डेटाबेसमध्ये पाहा.

दुसरी गंमत आकड्यांची. लोकेल म्हणजे भाषा-प्रांतानुसार आकडे, तारखा लिहायची पद्धत. जावा 8 मुळात वापरायची त्या डेटात मराठी लोकेल नव्हतं, त्यामुळे मराठी लोकेल दिलं तरी रक्कम 1,250 अशीच यायची. जावा 9 पासून लोकेलचा डेटा युनिकोडच्या सीएलडीआर संग्रहातून येतो, आणि तिथे मराठीचे आकडे देवनागरी आहेत. त्यामुळे तीच ओळ आता १,२५० छापते. पावतीवर ते शोभून दिसतं. पण तोच फॉरमॅट बँकेला जाणाऱ्या फाइलमध्ये वापरला असेल तर समोरची सिस्टिम ती फाइल परत पाठवेल. माणसासाठीच्या मजकुराला मराठी लोकेल आणि यंत्रासाठीच्या मजकुराला 'लोकेल रूट', दोन्ही ठिकाणी हाताने लिहा. सर्व्हरच्या सेटिंगवर भरवसा ठेवू नका.

तारखांनाही तोच नियम. अमेरिकन इंग्रजी लोकेलमध्ये जावा 20 पासून वेळ आणि 'एएम' यांच्यामध्ये साध्या स्पेसऐवजी एक अरुंद, न तुटणारी स्पेस येते. डोळ्यांना फरक दिसत नाही, पार्सर मात्र अडतो. सुरुवातीला बाइट-बाइट ताडण्याचा आग्रह धरला तो याचसाठी.

जकार्ता

जावाने स्वतःचा हट्ट एकदा मोठ्या प्रमाणावर मोडला, आणि तोही तांत्रिक कारणाने नाही. ओरॅकलने एंटरप्राइज जावा एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवली, पण 'जावा' या नावाचा ट्रेडमार्क स्वतःकडे ठेवला. परिणामी 2020 च्या जकार्ता ईई 9 मध्ये पॅकेजची नावं 'जावाएक्स'वरून 'जकार्ता' करावी लागली. टॉमकॅट 9 ला जुनी नावं कळतात, 10 ला नवी. स्प्रिंग बूट 3 ला नवीच लागतात, आणि किमान जावा 17.

इथे सरसकट शोधा-आणि-बदला करू नका. सर्व्हलेट, पर्सिस्टन्स, व्हॅलिडेशन हे 'जकार्ता'त गेले. पण 'जावाएक्स एसक्यूएल', 'जावाएक्स क्रिप्टो', 'जावाएक्स नेट' हे जेडीकेचेच भाग आहेत आणि त्यांची नावं तशीच राहतात. ओपन-रीराइट या मोफत साधनात यासाठी तयार रेसिपी आहेत. त्या चालवून झाल्यावर मॅपिंगच्या एक्सएमएल फाइल्स आणि स्ट्रिंगमध्ये लिहिलेली क्लासची नावं डोळ्यांनी तपासा, कारण तिथली चूक कंपाइलरला दिसत नाही. मग बूट 3.5 वर गेलात की 25 चा मार्ग मोकळा.

नवी बाजू चालू केल्यावर जुना जेडीके आणि जुना जार एक महिनाअखेर उलटेपर्यंत सर्व्हरवर राहू द्या. व्याजाचा तक्ता आणि पिग्मी एजंटांचं कमिशन महिन्यातून एकदाच चालतं, आणि रोजच्या पावत्यांच्या चाचणीत ते सापडत नाही. सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) एक वेगळा जॉब ठेवा, जो दर मार्च-सप्टेंबरच्या ताज्या जेडीकेवर फक्त टेस्ट चालवेल आणि रिलीज अडवणार नाही. तो लाल झाला तर ते त्याच महिन्यातल्या एखाद्या दुपारचं काम असतं. हेच दहा वर्षं साठवलं तर त्याचा प्रकल्प होतो, आणि त्याला बजेट मंजूर करून घ्यावं लागतं.